डोमेन कोणाच्या नावावर?

ठाण्याच्या नौपाड्यात गोखले रोड, राम मारुती रोड, घंटाळी या पट्ट्यात क्लासेस आहेत, दवाखाने आहेत, गाण्याचे वर्ग आहेत, पोळीभाजी केंद्रे आहेत. यांतल्या बहुतेकांचे काम चार-पाच पानांच्या वेबसाइटवर भागते. त्यासाठी अख्खा सर्व्हर भाड्याने घेणे ही निव्वळ उधळपट्टी आहे. शेअर्ड होस्टिंग, म्हणजे एकच सर्व्हर अनेक साइटनी वाटून घेणे, त्यांना पुरते, आणि त्यात कमीपणाही काही नाही.

एका सर्व्हरवर, एकाच आयपी पत्त्यावर शेकडो साइट नांदू शकतात, कारण ब्राउझर प्रत्येक मागणीबरोबर साइटचे नावही सांगतो. १९९७च्या एचटीटीपी १.१ मानकाने हे सक्तीचे केले. त्याआधी सहसा साइटगणिक वेगळा पत्ता लागे. जुन्या पद्धतीचे पत्ते एकूण सुमारे ४३० कोटीच, आणि त्यांचा मध्यवर्ती साठा फेब्रुवारी २०११मध्ये संपला. ही वाटणी नसती, तर लहान दुकानदाराला साइट परवडली नसती.

वाटणीत उणे-अधिक असतेच. शेजारच्या साइटवर गर्दी उसळली की आपली मंदावते. शेजाऱ्याने स्पॅम सोडले तर सामायिक पत्ता काळ्या यादीत जातो आणि आपण पाठवलेली फीची पावती पालकांच्या स्पॅममध्ये पडते. ‘अनलिमिटेड’ या शब्दामागे प्रोसेसर, मेमरी आणि फाइलींची संख्या यांच्या मर्यादा अटींमध्ये लिहिलेल्या असतात. पहिल्या वर्षाचा दर पाहून हुरळू नये, दुसऱ्या वर्षाचा विचारावा.

पण हे सगळे निभावते. निभावत नाही ते डोमेन, म्हणजे साइटचे नाव, दुसऱ्याच्या नावावर असणे. साइट बनवून देणारा ओळखीचा मुलगा स्वतःच्या ईमेलने, स्वतःच्या खात्यात नाव नोंदवतो, पुढे नोकरीसाठी बंगळुरूला जातो, नूतनीकरणाचा मेल त्याच्याकडे जातो आणि इकडे साइट बंद पडते. इमारतीत तीस वर्षे राहूनही जमीन बिल्डरच्याच नावावर, हे पुनर्विकासाच्या वेळी कळलेल्या सोसायट्यांना यातले दुखणे समजावून सांगायला नको. होस्टिंग एका दिवसात बदलता येते; लोकांच्या तोंडी बसलेले नाव गेले की पाट्या, कार्डे, पावत्या सगळेच बदलावे लागते. म्हणून डोमेनचे खाते संस्थेच्या ईमेलवर हवे, पासवर्ड किमान दोन पदाधिकाऱ्यांकडे हवा आणि बिल संस्थेच्या नावे हवे. करून देणाऱ्याशी संबंध चांगले असतानाच हे मागून घ्यावे.

बॅकअपही आपल्याजवळच ठेवावा. १० मार्च २०२१ला फ्रान्समध्ये स्ट्रासबर्ग येथे ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली, लाखो साइट बंद पडल्या. ज्यांचा बॅकअप त्याच आवारात होता, त्यांतल्या अनेकांच्या हाती काहीच उरले नाही.