हुन्नर : पाच कापांची कसोटी

परवा कपाटाची दारे बसवायला गेलो, तर वर फट आणि खाली घासणूक. प्लायवूड गिऱ्हाइकाचे, म्हणजे अमानत. भरपाई आम्हीच केली. दोष करवत मशीनच्या सरकत्या टेबलात होता. गुण्या लावला होता, पण केसभर फरक गुण्याला कळत नाही.

आधी मशीनचा प्लग काढावा. पात्याच्या एका दातावर खूण करून सरकत्या टेबलाला बांधलेली काडी त्याला जेमतेम टेकवावी. पाते फिरवून तोच दात मागे न्यावा, टेबल तिथवर सरकवावे; काडी तशीच टेकली की टेबल पात्याला समांतर.

मग साधारण 400 मिलिमीटरची चौकोनी फळी घ्यावी. एक बाजू कापायची, तीच फेन्सला लावून पुढची कापायची. अशा चारही झाल्या की पहिल्या बाजूची पट्टी पाचव्यांदा कापावी. प्रत्येक वळणाला चूक साठत जाते, म्हणून पट्टीत ती चौपट दिसते. व्हर्नियरने एक टोक 25.4 आणि दुसरे 24.6 मिलिमीटर भरले, तर फरक 0.8, त्याला 4 ने भागले की 400 मिलिमीटरला 0.2 ची चूक. फेन्सच्या खिळीपासून 800 मिलिमीटरवर ती 0.4 होते. तिथे फीलर गेज ठेवून फेन्स तेवढीच हलवावी आणि पुन्हा पाच काप घ्यावेत. फरक वाढला तर दिशा उलटी.

अर्धा तास जातो, पण दार बसले नाही तर नाव मशीनला नाही, कारागिराला ठेवतात.