घाटातला दगड

"तू मेकॅनिकलचा ना? मग बघ की काय झालंय ते!"

मित्रांनो, आपल्या ब्रँचच्या प्रत्येकाला हे वाक्य कधी ना कधी ऐकावं लागतं. मला ते फोंडा घाटात ऐकावं लागलं. बोनेटमधून वाफ येत होती आणि सहा जणांचे बारा डोळे माझ्यावर रोखलेले होते.

आम्ही सात जण मालवणहून परत येत होतो. गाडी म्हणजे रूममेटच्या काकांची जुनी डिझेल जीप. मागच्या बाकड्यांवर गाद्या, टपावर ताडपत्री, आत स्टोव्ह, छोटा सिलिंडर, पातेली आणि अर्धं पोतं कांदे-बटाटे. लॉजचा खर्च नको म्हणून झोपायचं गाडीत आणि रांधायचं रस्त्याकडेला. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण जाहीर केलं, पण आपल्याकडे टेम्पोत चूल-भांडी घालून देवाला जाणारी कुटुंबं त्याच्या कितीतरी आधीपासून हेच करत आली आहेत. फरक एवढाच, की ज्याचं घरच चाकांवर असतं त्याची गाडी बंद पडली की घरही रस्त्यावर येतं.

दाजीपूरच्या दिशेने चढ लागला आणि डॅशबोर्डवर बॅटरीचा लाल दिवा लागला. "वायरिंग असेल, कोल्हापुरात बघू," असा निकाल मीच दिला. पाचच मिनिटांत तापमानाचा काटा लाल पट्ट्यात गेला. दोन्ही खुणा एकाच रोगाच्या होत्या. फॅन बेल्ट तुटला होता! जुन्या गाड्यांत तोच एक पट्टा अल्टरनेटरही फिरवतो आणि पाण्याचा पंपही. इंधनाच्या उष्णतेपैकी ढोबळमानाने एक तृतीयांश कूलिंगमध्ये जाते, हे मी जर्नलमध्ये सुवाच्य अक्षरात लिहून सही घेतली होती. ती उष्णता वाहून नेणारं पाणी ज्या पट्ट्यावर अवलंबून असतं, तो मात्र निघण्यापूर्वी एकदाही बघितला नव्हता. बघितला असता तर भेगा दिसल्या असत्या.

यानंतर आम्ही जे केलं ते सांगायला लाज वाटते, पण सांगतो. एकाने गाडीच्या मागेच स्टोव्ह पेटवून चहा ठेवला. मी हातरुमाल घेऊन रेडिएटरचं झाकण फिरवायला निघालो. तेवढ्यात मागून चढणारा एक ट्रक थांबला आणि ड्रायव्हर मामा ओरडतच उतरले, "ए, हात काढ आधी! तोंड भाजून घ्यायचंय व्हय?"

मामांनी थर्मोडायनॅमिक्स शिकलेलं नव्हतं, मी शिकलो होतो. बंद रेडिएटरमध्ये दाब सुमारे १ बारने वाढला की पाणी १२० अंशांच्या आसपास उकळतं. झाकण उघडताच दाब जातो आणि त्या पाण्यातलं काही क्षणात वाफ होऊन उकळत्या पाण्यासकट अंगावर येतं. परीक्षेत मी हे दहा मार्कांना लिहिलं असतं. घाटात हात मात्र झाकणाकडेच गेला.

मग मामांनी आमचा ताबा घेतला. "गाडीच्या मागं बसायचं न्हाई. मागनं कोण आलं तर पयले तुमीच." स्टोव्ह विझला, सिलिंडर लांब गेला, सगळे कठड्यापलीकडच्या मोकळ्या जागेत. चाकांना दगड लावले. वळणाच्या खालच्या अंगाला, येणाऱ्याला आधीच दिसतील अशा झाडाच्या फांद्या आणि दोन मोठे दगड रस्त्यावर मांडले. मोटारीत परावर्तक त्रिकोण ठेवणं नियमाने बंधनकारक आहे. आमच्या जीपमध्ये कांदे होते, त्रिकोण नव्हता.

"तुटलेला पट्टा संगं न्या, न्हाईतर दुकानदार नंबर इचारंल," एवढं सांगून मामा निघाले. जाता जाता म्हणाले, "आन् जाताना दगूड उचला रं."

एक जण उतरणाऱ्या गाडीला हात करून खाली फोंड्याला गेला आणि दोन तासांनी नवा पट्टा घेऊन आला. अल्टरनेटरचे बोल्ट सैल करून पट्टा चढवला, मध्यावर अंगठ्याने दाबल्यावर साधारण अर्धा इंच दबेल इतका ताण दिला. इंजिन गार झालंच होतं, पाणी भरलं. गाडी सुरू झाली आणि काय तो जल्लोष! नाद खुळा! मेकॅनिकलची इज्जत वाचली.

दोन किलोमीटर वर आल्यावर कोणीतरी विचारलं, "दगड उचलले का रे?"

गाडीत शांतता. अंधार पडत होता. "कोण परत जातंय आता?" हेही कोणीतरी म्हणालं, आणि खरं सांगतो, मनातून मलाही तेच वाटत होतं. तरी जागा बघून गाडी वळवली. आम्ही दुसरा दगड कडेला ढकलत असतानाच खालून एक दुचाकी आली. मंद दिवा, मागे बाई, मांडीवर मूल. त्यांना काही कळलंही नाही. ते निघून गेले. पुढे कोल्हापूर येईपर्यंत आमच्या गाडीत गाणी झाली नाहीत.

माझं म्हणणं एवढंच आहे. गाडी चालू झाली म्हणजे दुरुस्ती झाली, हा आपला समज अर्धवट आहे. आपल्यामुळे रस्त्यावर आलेला धोका रस्त्यावरून काढला, की मग दुरुस्ती संपते. घाटात प्रवास करताना बघा, निघून गेलेल्या गाड्यांचे दगड तसेच पडलेले असतात. तिथे प्रत्येकाने स्वतःची गाडी दुरुस्त केलेली असते आणि दुसऱ्याची मोडायची सोय करून ठेवलेली असते.

दुसरी गोष्ट जुगाडाची. आपलं गाव कारागिरांचं. बाबूराव पेंटरांनी १९१८ च्या सुमारास इथेच स्वतःचा सिनेमा कॅमेरा बनवला. उद्यमनगरात एखादा पार्ट मिळाला नाही तर लेथवर करून देणारे मिस्त्री आहेत. त्याचा अभिमान जरूर असावा. पण ते मिस्त्री मापं घेऊन काम करतात, अंदाजपंचे नव्हे. पट्टा, फ्यूज, पंक्चर एवढं रस्त्यात करावं. ब्रेक, स्टिअरिंग, बाजूने फाटलेला टायर, गळणारं डिझेल यांना तार-दोरी चालत नाही. तिथे टोइंगला बोलवावं आणि खर्च वाटून घ्यावा. जखमी असेल तर १०८, राष्ट्रीय महामार्गावर १०३३. आणि २०२० च्या नियमबदलानंतर काही नव्या गाड्या स्टेपनीऐवजी पंक्चर किटवर येतात, तेव्हा डिकी निघण्यापूर्वी उघडा.

शेवटी स्टाफला एक विनंती. आपल्या वर्कशॉपमध्ये आम्ही फायलिंग करून चौकोनी जॉब बनवतो, तो सबमिशननंतर भंगारात जातो. वर्षातून एक शनिवार द्या. एक जुनी गाडी उभी करा. चाक बदलणं, पट्टा चढवणं, त्रिकोण कुठे ठेवायचा हे प्रत्येकाकडून करून घ्या, सिव्हिल-कॉम्प्युटरवाल्यांकडूनसुद्धा. व्हायव्हाला प्रश्न एकच ठेवा : "निघताना काय विसरलास?"

– तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी