मांजर पाहू द्या मुलांना



गेल्या रविवारी संकेश्वरात धर्मशिक्षणाच्या वर्गात मी मुलांना मोबाईलवर 'बुक ऑफ केल्स'चे एक पान दाखवले. सुमारे ८०० सालचे, वासराच्या कातड्यावर हाताने लिहिलेले हे शुभवर्तमान डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात आहे. पान मत्तय १:१८ चे. 'ख्रिस्त' या नावाच्या ग्रीक अक्षरांनी सगळे पान व्यापले आहे. पण मुलांना आधी काय दिसले? तळाशी मांजरे आणि गोल भाकर ओढणारे उंदीर! "ताई, ती मिस्साची भाकर आहे का? उंदरांनी खाल्ली तर?"

नंतर एका वडीलधाऱ्यांनी सुनावले, "वचने पाठ करून घ्यायची सोडून चित्रे कसली दाखवता?"

मला हे मान्य नाही. वचने पाठ हवीतच. पण मत्तयाचे ते वचन त्या दिवशी मुलांनी स्वतः शोधून वाचले, कारण प्रश्न त्यांचा होता. मठातल्या बंधूंनी पवित्र पानावर मांजराला जागा दिली. आपण मुलांच्या प्रश्नाला देऊ नये? बारा वर्षांचा येशू मंदिरात गुरुजनांमध्ये बसून ऐकत होता, प्रश्नही विचारत होता (लूक २:४६). वर्गात गप्प केलेले मूल तोच प्रश्न बाहेर कुठेतरी विचारते आणि हळूहळू वर्गाला येणे बंद करते.

असा ठेवा फक्त परदेशातच आहे असेही नाही. मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे दांतेच्या 'डिव्हाइन कॉमेडी'चे मध्ययुगीन, सजवलेले हस्तलिखित आहे.

येत्या रविवारी मूल घरी आले की "काय पाठ केलेस?" याआधी "काय विचारलेस?" असे विचारा.

प्रभू आपल्या लेकरांना आशीर्वाद देवो. आमेन.