शिवाजी पेठेला जाहीर आवाहन : दाजीपूरचं जंगल जपूया

भोगावती राधानगरीच्या डोंगरांतून उतरते आणि प्रयाग चिखलीच्या संगमावर पंचगंगा होते. नोव्हेंबर 2023 पासून थेट पाइपलाइनने कोल्हापुरात येणारं काळम्मावाडीचं पाणीही याच सह्याद्रीच्या रांगांतलं. शिवाजी पेठेतल्या घरोघरी भरली जाणारी घागर अशी त्या जंगलाच्या जिवावर भरते.

ते जंगल म्हणजे राधानगरी अभयारण्य. एके काळी हे कोल्हापूर संस्थानचं शिकारीचं रान होतं. 1958 मध्ये दाजीपूरला गव्यांसाठी अभयारण्य झालं, ते महाराष्ट्रातलं पहिलं. 1985 मध्ये त्याची हद्द वाढून 351 चौरस किलोमीटर झाली आणि 2012 मध्ये युनेस्कोने पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात त्याची नोंद केली. इथे गर्द झाडीत शेकरू घरटी बांधतो, सड्यांवर पावसाळी फुलं येतात आणि संध्याकाळी पाणवठ्यावर गव्यांचा कळप उतरतो.

गवा अंगाने अवाढव्य, स्वभावाने बुजरा. काळंभोर अंग आणि गुडघ्याखाली पांढरे मोजे. त्याला धोका वाटला की तो आडवा उभा राहून आपली भरदार बाजू दाखवतो. हा इशारा असतो. तो न ओळखता माणसं मोबाइल काढून पुढे सरकतात आणि घात होतो. डिसेंबर 2020 मध्ये पुण्यात कोथरूडला शिरलेला गवा गर्दी आणि पाठलागाने बिथरला, धावून धावून दमला आणि त्याच दिवशी मेला.

कोल्हापूरच्या आसपासच्या उसातही गवे येतात. म्हणून पेठेतल्या तालमी, तरुण मंडळं आणि महिला मंडळांना कळकळीची विनंती आहे. गवा दिसला तर गर्दी करू नये, हाकारे घालू नयेत, त्याची वाट मोकळी ठेवावी. दाजीपूरला सहलीला जाताना डॉल्बी, दारू आणि प्लास्टिक घेऊन जाऊ नये. फोंडा घाटाच्या रस्त्याने रात्री जाताना गाडी सावकाश चालवावी. उन्हाळ्यात रानात विडी-काडी पेटवू नये. वाळल्या गवतातली एक ठिणगी अख्खा सडा जाळते.

प्रत्येक मंडळाने आपल्या फलकावर या सूचना लिहाव्यात. वणवा, शिकार किंवा वाट चुकलेला प्राणी दिसताच वन विभागाच्या 1926 या क्रमांकावर तातडीने कळवावं.