पाण्यात उडी नव्हे, काठावरून दोर

८ जून २०१४. हिमाचल प्रदेशातील मंडी जिल्ह्यात, थलौटजवळ, हैदराबादहून सहलीला आलेले अभियांत्रिकीचे विद्यार्थी बियास नदीच्या पात्रात उतरले होते. वरच्या अंगाच्या लारजी जलविद्युत प्रकल्पातून पाणी सोडले गेले आणि पाहता पाहता २४ विद्यार्थी वाहून गेले. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलासह अनेक पथकांनी पुढे कित्येक आठवडे नदी पिंजून काढली. पण तो शोध मृतदेहांचा होता.

वेगवान पाण्यातील बचावाला मिनिटांचाच अवधी असतो. त्या मिनिटांत काठावर असतो तो गावकरी, नावाडी किंवा जवळच्या ठाण्यातील शिपाई. प्रशिक्षण आणि साधने मात्र त्याच्यापासूनच सर्वांत दूर आहेत.

प्रवाहाचा रेटा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला की रेटा चौपट, तिप्पट झाला की नऊपट. म्हणून गुडघाभर पाणीही धडधाकट माणसाला आडवे करते. पडल्यावर तिथेच उभे राहण्याची धडपड अधिक घातक ठरते. पाऊल खडकांच्या फटीत अडकते आणि मागून येणारे पाणी शरीर खाली दाबून धरते. अशा वेळी उताणे तरंगत, पाय प्रवाहाच्या दिशेला ठेवून, तिरके काठाकडे सरकावे लागते.

बचावाचा क्रमही याच नियमातून ठरतो. आधी हाक, मग बांबू, मग फेकलेला दोर, त्यानंतर होडी. पाण्यात उतरणे सर्वांत शेवटी, आणि तेही जीवरक्षक जाकीट व शिरस्त्राण घातलेल्या प्रशिक्षिताने. कमरेला दोराची पक्की गाठ मारून उतरणे हा तर आत्मघातच होय; दोर ताणला की प्रवाह त्याच माणसाला पाण्याखाली ढकलतो.

आपल्या समाजात उडी घेणाऱ्याचे कौतुक होते, दोर अचूक फेकणाऱ्याचे होत नाही. त्यामुळे एकाला वाचवताना दुसराही बुडाल्याच्या बातम्या दर पावसाळ्यात येतात. या धाडसाचा अनादर करण्याचे कारण नाही. त्याला साधनांची जोड न देणाऱ्या व्यवस्थेला मात्र जाब विचारला पाहिजे.

२०१८ च्या महापुरात केरळच्या मच्छीमारांनी आपल्या होड्यांतून हजारोंना बाहेर काढले. पाण्याची जाण आणि हाताशी होडी, या दोन्ही गोष्टी त्यांच्यापाशी आधीपासून होत्या.

नदीकाठच्या प्रत्येक ठाण्यात आणि ग्रामपंचायतीत तरंगत्या दोराच्या पिशव्या व जाकिटे असावीत, पावसाळ्यापूर्वी त्यांचा सराव व्हावा आणि भोंगा वाजवून पात्र रिकामे झाल्याची खात्री केल्याखेरीज धरणाचे दार उघडू नये. यात महागडे असे काही नाही. बियासच्या काठी त्या दिवशी सर्वांत मोठा बचाव ठरला असता तो वेळेवर वाजलेला एक भोंगा.