महाबळेश्वरच्या शेंगा आणि कोरडवाहूला उपदेश



कापसाचा भाव पडला की दोन उपदेश हमखास कानावर येतात. पहिला, "पीक बदला, भाजीपाला करा, महाबळेश्वरकडे बघा." दुसरा त्याहून गोड, "निदान परसबाग तरी लावा, उन्हाळ्यात घरच्या शेंगा घरात येतील." उपदेश करणाऱ्याचा पगार एक तारखेला होतो, त्यामुळे त्याला घाई नसते. आम्ही शेतकीची पदवी घेतलेली माणसे. शेंग कशी लागते आणि कधी तोडायची, एवढे आम्हाला कळते. तेव्हा या दोन्ही उपदेशांची टरफले जरा काढून पाहू.

महाबळेश्वर साडेचार हजार फुटांवर आहे. अकोला-यवतमाळला पारा ४३-४४ वर चढतो तेव्हा तिथे तो तिशीच्या आसपास रेंगाळतो. घेवड्याचे फूल कडक उन्हात गळते, शेंग धरतच नाही. वाटाण्याला तर त्याहून गार हवा हवी. मुळगावकराने कितीही खत घातले, कितीही फवारले, तरी मे महिन्यात त्याच्या परसात वाटाणा येणार नाही. यात आळशीपणाचा प्रश्न नाही, हवेचा आहे.

दुसरी गोष्ट गिऱ्हाइकाची. इंग्रजांनी १८२८ च्या सुमारास तिथे हवा खाण्याचे ठिकाण वसवले. चिनी आणि मलायी कैदी आणून तिथल्या तुरुंगात ठेवले आणि त्यांच्या हातून बटाट्याचे, भाजीचे मळे पिकवून घेतले. त्या चिन्यांच्या नावाचा धबधबा आजही तिथे दाखवतात. म्हणजे खाणारा साहेब आधी आला आणि भाजी मागून आली. आजही उन्हाळ्याच्या सुटीत खाणारे पर्यटक गाड्या भरून दारात येतात, पुण्या-मुंबईची बाजारपेठ एका रात्रीच्या अंतरावर आहे. स्ट्रॉबेरीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले ते वेगळेच. आमच्या पांढरकवड्याच्या किंवा परतूरच्या शेतकऱ्याच्या बांधावर कोण पर्यटक येणार आहे? आणि जिथे कृष्णा-कोयना उगम पावतात, पावसाळ्यात पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो, त्या तालुक्यातल्याही काही गावांना उन्हाळ्यात पाणीटंचाई भोगावी लागते. जांभा दगड आणि तीव्र उतार, पाणी थांबत नाही. तिथल्या शेतकऱ्याचेही सगळे गोडच चालले आहे असे समजू नये.

आता शेंगेचा स्वभाव पाहा. पऱ्हाटीची वेचणी आठ दिवस लांबली तर नुकसान होते, पण कापूस मरत नाही. भाव नसला तर तो घरात रचून ठेवता येतो, लेकरांच्या अंगाला खाज सुटली तरी. जोंधळा सोंगून कणगीत भरला की वर्ष निघते. हिरव्या शेंगेला हे सुख नाही. घेवडा पेरल्यापासून पन्नास दिवसांच्या आगेमागे तोडणीला येतो आणि मग दर दोन-तीन दिवसांनी तोडा करावाच लागतो. एक तोडा चुकला की दाणा फुगतो, शेंगेला शीर येते, गिऱ्हाईक हात लावत नाही. एवढ्यावर भागत नाही. वेलावर शेंगा पिकू दिल्या की झाडाला वाटते आपले काम झाले, ते नवे फूल काढायचे थांबते. वाटाण्याचे आणखी नाजूक. तोडल्या क्षणापासून दाण्यातली साखर पिठात बदलू लागते, उन्हात हा बदल फार झपाट्याने होतो. सकाळचा गोड वाटाणा रात्रीच्या गाडीतून उतरेपर्यंत पिठूळ लागतो.

ज्या मालाला थांबता येत नाही त्याच्या मालकालाही थांबता येत नाही, हे अडत्याला आपल्या आधी कळलेले असते. २०१६ मध्ये महाराष्ट्र सरकारने फळे-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा केला. चांगले झाले, आम्ही त्याचे स्वागतच करतो. पण शीतगृह नाही, गावापासून रस्ता नाही, दुसरा खरेदीदार नाही, मग त्या मोकळेपणाचे करायचे काय? तोडणीची मजुरी, बारदान, भाडे, हमाली वजा जाता हातात उलटी पट्टी पडलेले भाजीवाले शेतकरी आम्ही पाहिले आहेत. कापसावरून भाजीवर उडी मारा म्हणणाऱ्याने आधी तसली एक पट्टी वाचून दाखवावी.

राहिली परसबाग. तिच्या आम्ही विरोधात नाही, उलट बाजूने आहोत. १९९१ च्या शेगावच्या मेळाव्यानंतर सीताशेती आणि माजघरशेती हे शब्द गावोगाव गेले. घरच्या लक्ष्मीच्या हातात जमिनीचा तुकडा आणि त्यातले पीक असावे, ही गोष्ट तेव्हाही बरोबर होती आणि आजही आहे. पण परसबाग करायची ती आपल्या हवेची. ऐन मार्चमध्ये घेवडा-वाटाण्याच्या पाकिटांचे वाटप होते आणि फोटो निघतात, असला प्रकार आम्ही एका तालुक्यात डोळ्यांनी पाहिला. उगवण झाली, वेल वाढले, फूल गळाले, बाईलाच बोल लागला की तिला जमले नाही. तिथे गवार आणि चवळी द्यायला हवी होती. ऊन सोसणारी ही दोन पिके, मोरीच्या आणि भांड्यांच्या सांडपाण्यावर उन्हाळा काढतात. वाल मात्र उन्हाळ्यात लावून उपयोग नाही. तो दिवस लहान झाल्यावरच फुलतो, पावसाळ्यात लावा, थंडीत तोडा. वाटाण्याची हौस असेल तर थंडीतच भागवा.

तोडण्याची रीत सगळ्या शेंगांना जवळपास एकच. सकाळी, पण वेलावरचे दव सुकल्यावर. ओल्या पानांत हात घातला की करपा आणि तांबेरा आपणच एका वेलावरून दुसऱ्यावर नेतो. एका हाताने वेल धरायचा आणि दुसऱ्याने शेंग खुडायची, ओढायची नाही. कोवळी शेंग मोडली की कट्ट वाजते, ती लवली तर जून झाली. गवार तर नखाला कळते. बियाण्यासाठी दोन-चार जोमदार झाडे सुरुवातीपासून वेगळी राखा आणि त्यांची एकही शेंग खुडू नका. हंगाम सरल्यावर झाडे उपटू नका, बुंध्याशी कापा. मुळांच्या गाठींतला नत्र जमिनीला राहू द्या.

एवढे सगळे केले म्हणजे घरात भाजी आली. पोरांच्या ताटात चार घास हिरवे आले. त्यात डीएपीचे पोते येत नाही, पोराची फी येत नाही, दवाखाना येत नाही. ती येतात कापसातून आणि पऱ्हाटीतल्या तुरीच्या ओळींतून. आणि नेमक्या तिथेच सरकारचा हात आडवा येतो. परसात वाटाणा लावा म्हणणारे सरकार बंदरात वाटाणा उतरवून घेते, हे लक्षात घ्या. नोव्हेंबर २०१७ मध्ये वाटाण्यावर ५० टक्के आयात शुल्क होते. डिसेंबर २०२३ मध्ये पिवळ्या वाटाण्यावरचे शुल्क शून्य केले आणि मुदतीमागून मुदत देत जवळजवळ दोन वर्षे दार उघडे ठेवले. १ नोव्हेंबर २०२५ पासून ३० टक्के लावले, तोवर जहाजे रिकामी होऊन गेली होती. हा पिवळा वाटाणा दळून बेसनात मिसळतो, डाळीच्या जागी शिजतो आणि हरभऱ्याचा व तुरीचा भाव खाली ओढतो. तुरीची आयात तर मे २०२१ मध्येच मुक्त केली आणि पुढे दर वेळी मुदत वाढवत नेली. कापसाचेही तेच. ऑगस्ट २०२५ मध्ये ११ टक्के शुल्क काढले आणि ती सवलत ३१ डिसेंबरपर्यंत, म्हणजे आपली वेचणी घरात येईपर्यंत, चालवली. २०२५-२६ चा मध्यम धाग्याचा हमीभाव ७७१० रुपये कागदावर आहे. तो बाजारात दिसू नये अशी व्यवस्था बंदरावर करायची आणि आमच्या माउलीला परसबागेचे पाकीट द्यायचे!

सातारा जिल्ह्याकडूनच शिकायचे असेल तर महाबळेश्वरच्या खाली उतरून कोरेगाव तालुक्यात जा. तिथला वाघ्या घेवडा, अंगावर वाघासारखे पट्टे असलेला, खरिपात पिकतो आणि वाळवून विकला जातो. त्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. वाळलेला दाणा थांबू शकतो, म्हणून त्याचा मालकही भाव बघून विकू शकतो. आपल्याकडे जोंधळ्यात चवळी, मूग, मटकी मिसळून पेरण्याची चाल होती ती याच शहाणपणाची. ती कुणी मोडली, कशी मोडली, याचा हिशेब बैठकीत मांडू.

बैठकीला येताना बायाबापड्यांना सोबत आणा. घरात जपलेले गवारीचे, चवळीचे, वालाचे बियाणे असेल तर मूठभर पुडीत बांधून आणा, आणि पुडीवर गावाचे नाव व पेरणीचा महिना लिहायला विसरू नका.