खडूचं चित्र फलाटावरच शोभतं

नोव्हेंबर २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या सदबीज या लिलावगृहात कीथ हेरिंगची ३१ चित्रं विकली गेली. ही चित्रं त्यानं विकण्यासाठी काढलेलीच नव्हती. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेच्या फलाटांवर, काळ्या कागदावर, पांढऱ्या खडूनं त्यानं ती काढली होती, येणाऱ्याजाणाऱ्यासाठी, फुकट. लिलावात त्यांचे मिळून ९० लाख डॉलरहून अधिक आले. रस्त्यावरच्या कलेचा हा गौरव झाला, असं कुणी म्हणेल. मला तसं वाटत नाही. का वाटत नाही, ते आज जरा सविस्तर सांगायचं आहे. कला, पैसा आणि चारचौघांची जागा या तिन्हींबद्दल हेरिंगइतका स्वच्छ विचार केलेला रस्त्यावरचा दुसरा चित्रकार मला माहीत नाही.

हेरिंगचा जन्म १९५८चा, पेनसिल्व्हेनियातला. विशीत न्यूयॉर्कला चित्रकला शिकायला आला. तिथल्या भुयारी रेल्वेत जाहिरातीची मुदत संपली आणि नवी जाहिरात मिळाली नसली की त्या चौकटीवर काळा कागद चिकटवून ठेवत. रोज हजारो लोक त्या कोऱ्या काळ्या चौकटीसमोरून जात होते. हेरिंगला तिथं फळा दिसला. तो वर रस्त्यावर गेला, एका दुकानातून पांढऱ्या खडूची पेटी घेऊन खाली आला आणि त्यानं रेघ ओढली. रांगतं बाळ आणि त्याच्याभोवती प्रकाशाच्या रेघा. भुंकणारा कुत्रा. उडती तबकडी. हात वर करून नाचणारी माणसं.

या कामाला काही कडक नियम होते आणि ते जागेनंच घालून दिले होते. खडूची रेघ स्वच्छ खोडता येत नाही, म्हणून हात चुकून चालत नव्हतं. पोलीस केव्हाही येईल, म्हणून दोन-चार मिनिटांत चित्र पुरं व्हायला हवं. समोर गाडीची वाट बघणारी माणसं उभी, त्यामुळे चित्र लांबूनही कळायला हवं. हेरिंगची ती ठसठशीत, न थांबणारी रेघ स्टुडिओत घडलेली नाही, या घाईत घडली आहे. कलेच्या इतिहासात हे पुरेशा ठामपणे सांगितलं जात नाही. त्याची शैली ही फलाटाची देणगी आहे.

पोलिसांनी त्याला अनेकदा पकडलं, दंड केला. लोक मात्र थांबत, बघत, याचा अर्थ काय म्हणून विचारत. अर्थ तुम्ही लावायचा, असं त्याचं उत्तर असे, आणि तो त्यांच्या हातावर रांगत्या बाळाचा एक बिल्ला ठेवी. ओळख नसलेली दोन माणसं मग एकमेकांना बिल्ला बघून ओळखत. खडूचं चित्र म्हणजे नुसतं बोट फिरवलं तरी पुसलं जाणारी वस्तू. इतक्या वर्दळीच्या स्टेशनांवर ती चित्रं दिवसेंदिवस टिकत, कारण लोक त्यांना हात लावत नसत. याचं त्याला मोठं अप्रूप होतं, आणि ते योग्यच होतं. कुठल्याही रखवालदाराविना लोकांनी राखलेली कला यापेक्षा वेगळी काय असते?

पुढं नेमकं तेच संपलं. १९८२मध्ये टोनी शफ्राझीच्या गॅलरीत त्याचं प्रदर्शन झालं, नाव झालं, कॅनव्हासला भाव आला. त्याबरोबर फलाटावरचे काळे कागद गायब होऊ लागले. हेरिंग चित्र काढून पुढच्या स्टेशनावर जाई तोवर मागचं चित्र कुणीतरी सोलून नेलेलं असे, विकण्यासाठी. १९८५च्या सुमाराला त्यानं हे काम थांबवलं. पाच वर्षं पोलिसांना न डगमगलेला माणूस बाजारापुढं थांबला, कारण ज्यांच्यासाठी काढायचं त्यांच्यापर्यंत चित्र आता पोचतच नव्हतं.

यावर एक प्रामाणिक आक्षेप आहे. ते कागद सोलले नसते तर त्यांच्यावर पुढची जाहिरात चिकटली असती आणि आज एकही उरला नसता. खरं आहे. पण हेरिंगला हे ठाऊक होतं आणि त्यानं त्याची सोय केली होती. त्सेंग क्वाँग ची हा त्याचा छायाचित्रकार मित्र. चित्रं कुठल्या स्टेशनांवर काढली ते हेरिंग त्याला कळवी आणि तो जाऊन त्यांची छायाचित्रं घेई. ‘आर्ट इन ट्रान्झिट’ नावानं १९८४मध्ये त्यांचं पुस्तकही निघालं. त्या छायाचित्रांत शेजारची जाहिरात दिसते, खांब दिसतो, वाट बघणारी माणसं दिसतात. चित्र काय होतं हे त्या छायाचित्रातून जास्त कळतं. पांढऱ्या भिंतीवर काचेमागं लावलेल्या काळ्या कागदातून रेघ तेवढी कळते.

आता तो पैशाच्या विरोधात होता का? मुळीच नाही, आणि इथंच त्याच्याबद्दल सर्वांत जास्त गैरसमज आहे. एप्रिल १९८६मध्ये त्यानं मॅनहॅटनमध्ये, २९२ लफायेट स्ट्रीटवर ‘पॉप शॉप’ नावाचं दुकान काढलं. आत भिंती, जमीन, छत सगळं त्याच्या काळ्या रेघांनी भरलेलं. विकायला टी-शर्ट, पोस्टर, बिल्ले, फ्रिजवर लावायची चुंबकं. कलाजगतातले अनेक जण नाराज झाले. हा विकला गेला, असं म्हणू लागले. चित्रकार अँडी वॉरहोलनं पाठराखण केली, पण टीका थांबली नाही.

हेरिंगचं म्हणणं साधं होतं. पैसाच हवा असता तर मोजकी चित्रं काढून त्यांचे भाव चढवत बसणं जास्त सोपं होतं. गॅलरीतल्या चित्राची किंमत परवडणारी माणसं थोडी, आणि फलाटावर ज्यांच्यासाठी चित्रं काढली ती माणसं त्यांत नव्हती. न्यूयॉर्कच्या ब्राँक्ससारख्या गरीब भागातल्या पोरालाही आत येऊन काहीतरी घेऊन जाता यावं, अशी जागा त्याला हवी होती. फलाट बंद झाला म्हणून त्यानं दुकान उघडलं. मला ही भूमिका शंभर टक्के पटते. आपल्याकडंही कलावंतानं पैशाचं नाव काढलं की कपाळाला आठ्या पडतात, आणि त्याच वेळी त्याच्या चित्रावर दलाल कमावतो त्याचं कुणाला काही वाटत नाही. पाच-दहा डॉलरची वस्तू शेकडो लोकांना विकणं यात कमीपणा कसला? एका चित्राची किंमत मूठभरांपुरती ठेवण्यातच कलेचा मान आहे, ही समजूत गॅलरीवाल्यांच्या सोयीची आहे.

शिवाय तो पैसा कुठं गेला तेही पाहा. १९८२मध्ये न्यूयॉर्कमध्ये अण्वस्त्रविरोधी मोठा मोर्चा निघाला, तेव्हा त्यानं स्वतःच्या खर्चानं २० हजार पोस्टर छापून वाटली. दक्षिण आफ्रिकेतल्या वर्णभेदाविरुद्धही पोस्टर काढली. १९८८मध्ये त्याला एड्सचं निदान झालं. १९८९मध्ये त्यानं फाउंडेशन स्थापन केलं, मुलांसाठी आणि एड्सशी झुंजणाऱ्या संस्थांसाठी. १६ फेब्रुवारी १९९० रोजी, वयाच्या ३१व्या वर्षी तो गेला. त्याच्या चित्रांच्या परवान्यांचं उत्पन्न आजही त्या कामाला लागतं. म्हणून युनिक्लो या कपड्यांच्या कंपनीच्या टी-शर्टवर त्याचा कुत्रा दिसला की मला खटकत नाही. २०१८मध्ये कोच कंपनीनं त्याची चित्रं महागड्या चामडी पर्सवर आणली, ते मात्र खटकलं. पैसा चांगल्या कामाला गेला तरी ज्या पोरासाठी दुकान काढलं, त्याला त्या पर्सच्या दुकानात कोण उभं करणार?

भिंतीही तो अशाच, येणाऱ्याजाणाऱ्यांसाठी रंगवी. जून १९८६मध्ये त्यानं हार्लेममध्ये हमरस्त्यालगतच्या हँडबॉल कोर्टाच्या भिंतीवर, परवानगी न घेता, एका दिवसात भडक नारिंगी रंगात ‘क्रॅक इज वॅक’ हे चित्र रंगवलं. क्रॅक या स्वस्त कोकेननं तेव्हा शहराच्या गरीब वस्त्या पोखरल्या होत्या आणि हेरिंगच्या स्टुडिओतला सहायकच त्याच्या विळख्यात सापडला होता. पोलिसांनी हेरिंगला पकडलं. पण व्यसनाच्या बातम्यांना वाहिन्या हेच चित्र दाखवू लागल्या, आणि शेवटी १०० डॉलर दंडावर भागलं. पुढं कुणीतरी चित्र विद्रूप केलं, उद्यान खात्यानं त्यावर रंग फासला, आणि मग त्याच खात्यानं हेरिंगला ते पुन्हा काढायला सांगितलं. ऑक्टोबरमध्ये त्यानं ते काढलंही. ते आजही तिथं आहे, आणि शहर त्याची निगा राखतं. त्याच महिन्यात बर्लिनच्या भिंतीवर त्यानं एकमेकांचे हात-पाय धरलेल्या माणसांची लांबलचक साखळी रंगवली. दुसऱ्याच दिवसापासून त्यावर इतरांनी रंग मारायला सुरुवात केली. त्यानं तक्रार केली नाही. रस्त्यावर काढलेलं चित्र रस्त्यावर पुसलं जाणं त्याला मान्य होतं.

मग त्याला अमान्य काय झालं असतं? याचं उत्तर मॅनहॅटनमधल्या ग्रेस हाउसच्या जिन्यात आहे. चर्चच्या मालकीच्या त्या इमारतीत तेव्हा मुलांसाठीचं केंद्र चाले. ऐंशीच्या दशकात हेरिंगनं तळापासून तिसऱ्या मजल्यापर्यंत, जिन्याच्या भिंतीवर १३ आकृत्या काढल्या. मुलं जिना चढताना त्या आकृत्या त्यांच्याबरोबर वर नाचत जायच्या. २०१९मध्ये चर्चनं पैशाच्या गरजेपोटी ती भिंत तुकड्यांनी कापून काढली आणि बॉनहॅम्सच्या लिलावात ती ३८ लाख डॉलरहून अधिक किमतीला गेली. चर्चला गरज होती, हे मी नाकारत नाही. इमारत त्यांची होती. पण जिना चढण्यासाठी काढलेलं चित्र जिन्याविना काय उरतं? मुलांची उंची, वळण, कठडा हे सगळं त्या चित्राचे भाग होते. ते विकता येत नव्हते, म्हणून ते मागं राहिले.

इटलीतल्या पिसा शहरानं याच्या उलट केलं. न्यूयॉर्कच्या रस्त्यात एका पिसाच्या विद्यार्थ्याशी हेरिंगची गाठ पडली, त्यातून आमंत्रण आलं, आणि १९८९च्या जूनमध्ये त्यानं सांत आंतोनियो आबाते चर्चलगतच्या मठाच्या मागच्या भिंतीवर ३० आकृत्यांचं ‘तुत्तोमोंदो’ रंगवलं. परवानगीनं, राजरोस, बघ्यांच्या गर्दीत. ते अजून त्याच भिंतीवर आहे आणि बघायला तिकीट लागत नाही.

पुसलं जाणं, विकलं जाणं आणि उचलून नेलं जाणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. आपण त्या एकाच पोत्यात घालतो. पहिल्या दोन हेरिंगनं स्वतः पत्करल्या. तिसरीपायी त्यानं खडू खाली ठेवला. म्हणूनच सदबीजमधल्या त्या ३१ चित्रांच्या विक्रीकडं मी गौरव म्हणून बघू शकत नाही. त्यांतली जी चित्रं सार्वजनिक संग्रहालयांत पोचतील तेवढ्यांपुरतं समाधान आहे. बाकीची कुणाच्या तरी दिवाणखान्यात जातील.

आपल्या देशात या बाबतीत कायदा चित्रकाराच्या बाजूनं आहे, ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. १९५७च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५७ सांगतं की कलाकृतीचे हक्क विकल्यानंतरही ती आपली आहे म्हणण्याचा आणि तिची मोडतोड झाल्यास दाद मागण्याचा अधिकार कर्त्याकडं राहतो. दिल्लीच्या विज्ञान भवनातलं अमरनाथ सहगल यांचं भव्य ब्राँझ भित्तिशिल्प १९७९मध्ये न विचारता उतरवून गोदामात टाकलं गेलं. सहगल लढत राहिले. २००५मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं शिल्पाचे अवशेष त्यांना परत करायला आणि ५ लाख रुपये भरपाई द्यायला सरकारला सांगितलं.

स्वच्छ सर्वेक्षणाचे दिवस आले की महाराष्ट्रातल्या पालिका उड्डाणपुलांचे खांब आणि कुंपणभिंती रंगवून घेतात. त्यांतलं काही काम खरंच चांगलं असतं. पण खाली ठळक दिसतं ते पालिकेचं बोधचिन्ह, चित्रकाराचं नाव क्वचितच. पुढच्या वर्षी त्याच भिंतीवर नवा रंग चढतो आणि ज्यानं आधीचं चित्र काढलं त्याला ते रस्त्यानं जाताना कळतं. भिंत पुसायला माझी हरकत नाही, हेरिंगचीही नसती. पण कामाचे पैसे वेळेवर द्या, भिंतीवर चित्रकाराचं नाव लिहा आणि पुसण्याआधी त्याला कळवा, म्हणजे निदान छायाचित्र तरी काढता येईल. वाचकांनो, तुमच्या प्रभागात अशी रंगवलेली भिंत असेल तर जवळ जाऊन नाव शोधा. सापडलं नाही तर प्रभाग कार्यालयात लेखी अर्ज देऊन विचारा.